मदत हवी आहे: बडोद्यात शूटिंगसाठी जुना वाडा

नमस्कार मंडळी. भाचीची पहिलीच फीचर फिल्म या हिवाळ्यात बडोद्यात होतेय. आई आपली इथली, वडील इंग्रज, जन्म लेस्टरचा. सिनेमातली मुलगीही तशीच. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यात लाकडी जिना, चौक आणि पितळी कड्यांचा झोपाळा असलेला वाडा हवाय. झोपाळा कुरकुरला तर उत्तमच, तिला तोच आवाज हवाय! पण संवाद जागेवरच रेकॉर्ड होणार, म्हणून वाहत्या रस्त्यावरचा नको. ब्रिटिश कॅमेरामनचा फिल्म व्हिसा, 'इंडिया सिने हब' या सरकारी पोर्टलवरची शूटिंगची परवानगी वगैरे ती बघतेय. भाडं बेताचंच. शिवाय मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरणारी सत्तरीची आजी कुणाकडे आहे का? अभिनय येत नसेल तर फारच बरं. वाड्याचे फोटो इथेच टाका.