मांडीचा स्नायू फाटला, आतून जुळतो कसा?

प्रश्न: कबड्डीत मांडीच्या मागं कट्‌कन वाजलं, तीन आठवडे झाले, काळंनिळं होतं ते आता पिवळं पडलंय. आत दुरुस्ती कोण करतंय बे?

उत्तर: स्नायूच्या धाग्याला चिकटून सॅटेलाइट पेशी (स्नायूच्या मूळ पेशी) झोपलेल्या असतात, १९६१ ला शास्त्रज्ञ अलेक्झांडर मॉरोला बेडकाच्या स्नायूत दिसल्या. पॅक्स७ जीन त्यांचा साठा टिकवतं, मार लागला की मायोडी हे दुसरं जीन जोरात चालू, पेशी वाढतात, मग मायोजेनिन हे तिसरं जीन चालू झालं की एकमेकींत मिसळून नवा धागा.

दुसरा: म्हणजे मागावर चादरीचा तुटलेला धागा सांधतात तसं?

उत्तर: जवळपास, पण इथं सांधणारा स्वतःच धागा होतो. काही पेशी मायोडी बंद करून परत झोपतात, पुढच्या दुखापतीसाठी.

प्रश्नवाला: भारी! मग हे भरून यायला शेंगाचटणी-भाकरीवर भागेल ना?

दुसरा: डाळ पण खा की बे, नुसती चटणी काय.