नऊ वर्षांच्या मुलाचं बीपी १२४/८२ आलंय

परळची आई:
मुलगा नऊ वर्षांचा, वजन ४६ किलो. शाळेच्या तपासणीत बीपी १२४/८२ निघालं. सासूबाई म्हणतात, बाळसं आहे, उंची वाढली की उतरेल. मला दोन रात्री झोप नाही. चाळीखाली गाड्याच गाड्या, खेळणार कुठे? क्लासवरून येताना वडापाव ठरलेला. एवढ्याशा पोराला बीपी असतं का हो?

शिवडीची मावशी:
असतं गं. बालवॉर्डात २२ वर्षं नर्स आहे, वजनदार मुलांत जास्त बघते. पण आधी सांग, पट्टा कोणता बांधला होता? जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा उगाच वाढतो. आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून मोजायचं. तेरा वर्षांखाली मोठ्यांचा आकडा चालत नाही. वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्ता लावतात. तीन वेगवेगळ्या भेटींत जास्त आलं तरच निदान. या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे ने, लघवीची तपासणीही विचार. डोकं खूप दुखलं, उलट्या झाल्या, धूसर दिसलं तर थांबू नकोस, लगेच ने.

दादरचा बाबा:
आमच्या लेकीचं असंच होतं. उपाशी ठेवलं नाही. पापड, फरसाण, वेफर्स घरात आणणं सगळ्यांचंच बंद केलं आणि रोज संध्याकाळी शिवाजी पार्कला तिच्याबरोबर मीही धावलो.

परळची आई:
मावशी, पट्टा एकच होता, सगळ्या वर्गाला तोच. उद्या सकाळीच नेते.