‘असेसमेंट’ला मराठीत काय म्हणावं? आकार, आकारणी, पट्टी की वहिवाट?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी. माझी भाची अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या चांदीच्या खाणींवर प्रबंध लिहिते आहे, आणि तोही मराठीतून. तिथल्या कौंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, जुन्या सरकारी करनोंदवह्या हा तिचा मुख्य आधार. शब्दांचं काम तिने माझ्याकडे दिलंय. ‘मामा, तू जन्मभर तहसील कचेरीबाहेर दस्त लिहिलेस, तुलाच जमेल,’ म्हणाली.

काम मनापासून चाललंय, पण ‘असेसमेंट’पाशी गाडी अडली. मी सगळीकडे ‘आकारणी’ लिहीत गेलो. सुरुवातीला बरोबर बसत होतं. पुढे वाक्यं अशी होऊ लागली : ‘कंपनीने भागधारकांवर दर भागामागे आकारणी केली.’ कंपनी कुठून कर आकारायला लागली? आणि हे पाहा : ‘त्या वर्षाची आकारणी पार न पडल्याने जागा दुसऱ्याने आपल्या नावे लावून घेतली.’ कर थकला तर सरकार जप्ती आणेल, लिलाव करेल. शेजारचा माणूस येऊन खाण कशी घेईल?

कुणाला उलगडा होत असेल तर सांगा. घाई नाही, पण चुकीचा शब्द छापून जायला नको.

मोजणीदार (धुळे)

भाऊ, तुमच्या प्रश्नाआधी आपल्या घरातलं एक निस्तरू. ‘आकार’ आणि ‘आकारणी’ हे एक नाहीत. आकारणी म्हणजे ठरवण्याची क्रिया. आकार म्हणजे ठरलेला आकडा. गाव नमुना १ ला आपण आकारबंद म्हणतो, कारण तिथे प्रत्येक सर्व्हे नंबराचा आकार बांधून दिलेला असतो. ब्रिटिशांच्या रयतवारी बंदोबस्तात तो तीस वर्षांसाठी बांधत. पीक येवो, न येवो, आकार तोच. जमीन मोजायची, मातीची प्रतबंदी करायची, त्यावरून दर. खानदेशात ही मोजणी सुरू झाली तेव्हा १८५२ मध्ये सावदा, एरंडोल भागातले शेतकरी साखळीच्या आडवे उभे राहिले, सरकारला फौज आणावी लागली. मोजणी झाली की सारा वाढणार, हे लोकांच्या डोक्यात पक्कं होतं.

हे लांबण यासाठी लावलं की ‘आकार’ म्हटलं की आपल्या वाचकाला जमिनीला चिकटलेला ठाम आकडा दिसतो. नेवाडात खाणीवर कर बसायचा तो असाच जमिनीवर की निघालेल्या मालावर? ते कळल्याशिवाय मी ‘आकार’ला हो म्हणणार नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

बरं झालं विचारलंत, याच गोष्टीवर भाचीने मला तासभर फोनवर शिकवलं. तिथे याच मुद्द्यावर राज्यघटना पडली होती! १८६३ मध्ये पहिला मसुदा झाला, त्यात खाणींवर इतर मालमत्तेसारखाच कर होता. लोकांनी जानेवारी १८६४ मध्ये तो फेटाळला. खोदत बसलेल्या, अजून काहीच न लागलेल्या खाणीलाही कर पडेल, ही मोठी धास्ती होती. त्याच वर्षी दुसरा मसुदा आला. त्यात खाणी आणि खाणीच्या जागा वगळून फक्त त्यांच्या उत्पन्नावर कर ठेवला. तो मंजूर झाला आणि ३१ ऑक्टोबर १८६४ ला नेवाडा राज्य झालं.

म्हणून तिथल्या नोंदवह्या तिमाहीच्या. एका ओळीत कंपनीचं नाव, किती टन खनिज काढलं, त्याचं एकूण किती आलं, मग काढण्याचा, वाहण्याचा, गाळण्याचा खर्च वजा, मग निव्वळ, मग कर. अशी ओळीमागून ओळ. भाचीने एक पान पाठवलं होतं. निव्वळ उत्पन्नाचा रकाना किती तरी ओळींत कोराच होता, म्हणजे खर्च जाऊन हाती काही उरलंच नाही.

मोजणीदार (धुळे)

मग ‘आकार’ अजिबात नको. हे बटाईच्या जवळचं आहे, खळं झाल्यावर रास मोजून वाटा घ्यायचा तसं. फरक इतकाच की तिथे आधी मजुरी वजा होते. इथे ‘आकारणी’ चालेल, आकडा दर तिमाहीला नव्याने ठरतो म्हणून. त्या वहीला ‘आकारणी नोंदवही’ म्हणा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला हेच नाव आहे, वाचकाच्या ओळखीचं. मात्र ‘आठ अ’ लिहू नका. तो महसुलाचा खातेउतारा. गावात लोक दोन्हींना ‘आठ अ’ म्हणतात आणि बँकेच्या खिडकीवरून परत येतात.

खाणविद्यार्थी (मूळ पारोळा, सध्या नागपूर)

काका, मी खनिकर्म अभियांत्रिकी शिकलोय, तुमची दोन अडलेली वाक्यं मी सोडवतो. असेसमेंट हा एकच शब्द तिथे तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात.

पहिली, सरकारची. तीवर मोजणीदार आप्पांनी वर सांगितलंच.

दुसरी, कंपनीची. खाण खोल न्यायची, पंप बसवायचे, पैसा संपला, की संचालक ठराव करत : दर भागामागे इतके डॉलर भरा. ही वसुली. भरले नाहीत तर वर्तमानपत्रात थकबाकीदार भागांचे क्रमांक छापून येत आणि ठरल्या तारखेला ते भाग लिलावात जात. नेवाडातल्याच व्हर्जिनिया सिटीजवळ १८५९ मध्ये कॉमस्टॉक नावाची चांदीची शीर सापडली, तिथल्या बऱ्याच कंपन्यांनी लाभांश कधी दिला नाही, अशी वसुली मात्र वर्षानुवर्षं केली.

तिसरी ना सरकारची, ना कंपनीची. १० मे १८७२ च्या अमेरिकी खाण कायद्यानुसार सरकारी जमिनीवर खनिज सापडवणाऱ्याने आपला हक्क टिकवायचा, तर त्या जागेवर दर वर्षी किमान १०० डॉलरचं काम करावं लागे. यालाही असेसमेंटचं काम म्हणतात! काम नाही केलं तर जागा मोकळी, दुसरा कुणीही येऊन आपले खुंट रोवू शके. तुमच्या वाक्यातला शेजारी असा आला.

सावदेकर (सावदा)

दुसरीला शब्द शोधत बसू नका, आपल्याकडे तो रोज बोलला जातो. पट्टी.

आमची सामाईक विहीर आहे, सात हिस्सेदार. केळीला पाणी पुरेना म्हणून तीन उन्हाळ्यांपूर्वी आडवे बोअर घ्यायचं ठरलं. नानांनी ओट्यावर बसून वहीत सात नावं लिहिली, प्रत्येकापुढे हिश्शाप्रमाणे रक्कम. कुणाचा हिस्सा दोन आणे, कुणाचा चार. त्याला कुणी वर्गणी म्हटलं नाही. वर्गणी मन मानेल तशी देता येते, गणपतीला देतो तशी. पट्टी हिश्शाने बसते आणि चुकवता येत नाही. एकाने टाळाटाळ केली तर नाना एवढंच बोलले, ‘पट्टी नही भरी त पाळी नही.’ त्याचं आठ दिवसांचं पाणी बंद झालं तेव्हा मोटारसायकल विकून पैसे घेऊन आला.

तुमच्या खाण कंपनीचं अगदी हेच. आम्ही पाण्यासाठी खोल जातो, ते चांदीसाठी. ‘कंपनीने दर भागामागे पट्टी बसवली’ असं लिहा. खानदेशात तरी कुणाला टीप द्यावी लागणार नाही.

खाणविद्यार्थी

अप्रतिम. आणि गंमत म्हणजे कॉमस्टॉकच्या खाणीत पाण्याचाच त्रास होता, तोही कढत पाण्याचा. बऱ्याच पट्ट्या ते पाणी उपसायलाच गेल्या.

एक शंका मात्र आहे. घरपट्टी, पाणीपट्टी हे सरकारी कर आहेत. एकाच पुस्तकात ‘पट्टी’ कंपनीची आणि ‘घरपट्टी’ सरकारची, असा घोळ होणार नाही का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

होईल, म्हणून कंपनीच्या संदर्भात दर वेळी ‘भागपट्टी’ लिहावं असं वाटतंय. आणि सरकारी कराला ‘मालमत्ता कर’च ठेवतो, घरपट्टी नको. सावदेकर दादा, तुमची विहीर मी भाचीला जशीच्या तशी सांगितली. ती म्हणाली, ‘प्रस्तावनेत हेच घालते.’

आता तिसरीचं काय? ‘वार्षिक किमान काम’ असं अर्थ सांगून मोकळं होता येईल. पण मला ‘वहिवाट’ सुचतंय. जमीन कुणाची याच्या भांडणात पहिला प्रश्न असतो : वहिवाट कुणाची? कसतो कोण? मी लिहिलेल्या किती दस्तांत ‘प्रत्यक्ष कब्जेवहिवाटीत’ हे शब्द आहेत, मोजदाद नाही. इथेही खोदणाऱ्याचा हक्क कामावरच टिकत असे. म्हणून ‘वहिवाटीचं काम’.

मोजणीदार (धुळे)

भाऊ, इथे थोडं थांबा. वहिवाट हा आपल्याकडे हक्काचा पुरावा आहे, हक्काची अट नाही. वावर दोन वर्षं पडीक राहिलं म्हणून खातेदाराचं नाव सात-बारावरून उडत नाही. तिथे मात्र काम थांबलं की हक्क गेला. मी ‘हक्क राखण्याचं काम’ म्हणेन. शब्द लांब आहे, पण खोटा नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

पटलं. ‘हक्कराखणीचं काम’ असं जोडून घेतो. वहिवाट सोडायला जड जातंय, पण तुमचं बरोबर आहे.

आणखी दोन शब्द आहेत, त्यांत मी चूक करून बसलो होतो. नोंदवहीत ‘पेटंटेड माईन’ येतं. मी शासनाचा परिभाषाकोश धरून ‘एकस्वप्राप्त खाण’ लिहिलं. पण एकस्व म्हणजे शोधाचा हक्क, यंत्राचा, औषधाचा. खाणीचं एकस्व कसलं? भाचीने सांगितलं, पेटंट म्हणजे सरकारने त्या जागेची पूर्ण मालकी देणारं पत्र. ऐकल्याबरोबर डोक्यात आलं : ही तर सनद! इनामाची सनद, बिनशेतीची सनद. ‘सनदी खाण’ आणि ज्यांना पेटंट नाही त्या ‘बिनसनदी’. १९०६ मध्ये तिथल्या घटनेत दुरुस्ती झाली, की सनदी खाणीची किंमत ५०० डॉलरपेक्षा कमी धरायची नाही. त्या वर्षी तिथे १०० डॉलरचं काम झालं असेल तर मात्र ही अट लागू नाही. म्हणजे ‘कोऱ्या’ ओळींनाही थोडा कर आला.

दुसरा शब्द ‘इम्प्रूव्हमेंट्स’. मी ‘सुधारणा’ लिहिलं होतं. नोंदवहीत त्याचा अर्थ जमिनीवर उभं केलेलं बांधकाम : खनिज वर ओढायच्या यंत्राचं घर, दळायची गिरणी. आपल्या जुन्या दस्तांत याला ‘इमला’ म्हणतात. ‘जमीन व त्यावरील इमला’. तोच घेतला.

बरडवाले (पारोळा तालुका)

मी शिकलेला नाही फार, पण खदानीवर वीस वर्षं काढली म्हणून लिहितो. आमच्याकडे खाण कुणी म्हणत नाही, खदानच. आमच्या वावरातला बरडाचा तुकडा सात-बारावर पोटखराब आहे. त्याला आकार शून्य, काही पिकत नाही म्हणून. आणि दगड निघतो तो नेमका तिथूनच. खडीच्या दर ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटाला, सरकारला रॉयल्टी द्यावी लागते. वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही की शून्य आकाराच्या जागेवर एवढा कर कसा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

दादा, तुम्ही लाखमोलाचं लिहिलंत. मी खरेदीखत लिहिताना ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ हे शब्द हाताला सवयीने येतात. ऐकणाऱ्याला वाटतं पाषाण आपला झाला. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ ने खनिजांवरचा हक्क सरकारचा ठेवलाय. म्हणून तुम्ही देता तो जमिनीचा कर नव्हे, सरकारच्या मालाची किंमत. मराठीत त्याला ‘स्वामित्वधन’ म्हणतात आणि हा शब्द मला फार नेमका वाटतो. स्वामी कोण, हे शब्दच सांगतो.

खाणविद्यार्थी

आणि या एका शब्दावर सर्वोच्च न्यायालयात पस्तीस वर्षं खल झाला. १९८९ मध्ये सात न्यायमूर्तींच्या निकालात ‘स्वामित्वधन हा कर आहे’ असं वाक्य आलं. २००४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं, तिथे शब्द गळलेत, ‘स्वामित्वधनावरचा उपकर हा कर आहे’ असं हवं होतं. दोन-तीन शब्दांची चूक! शेवटी २५ जुलै २०२४ ला नऊ न्यायमूर्तींनी आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की स्वामित्वधन हा कर नाही, आणि खनिज असलेल्या जमिनीवर राज्यं वेगळा कर लावू शकतात. बरडवाले दादांच्या वडिलांचा प्रश्न त्यांच्याही पुढे होता.

सावदेकर (सावदा)

शब्द गळला की काय होतं ते आम्हाला विचारा. आजोबांच्या वाटणीपत्रात ‘विहिरीच्या पाण्यासह’मधला ‘पाण्या’ राहून गेला होता, दोन पिढ्या कोर्टात गेल्या.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आजवर ठरलेलं भाचीला कळवलं : सरकारी ती आकारणी, कंपनीची ती भागपट्टी, जागेवरचं ते हक्कराखणीचं काम. पेटंट म्हणजे सनद, इम्प्रूव्हमेंट म्हणजे इमला. तिने लगेच पुढचा शब्द पाठवला : खनिजाचे नमुने घेऊन टनाला किती चांदी ते ठरवणारा माणूस, ‘असेअर’. उच्चार ‘असेसर’च्या इतका जवळ की मी आधी दोघांना एकच समजलो. असेसर हा कर ठरवणारा, असेअर हा कस पाहणारा. त्याला ‘कसोटीकार’ म्हणावं की सोनाराकडचा काही जुना शब्द आहे? जळगावच्या सराफ बाजारात कुणाची ओळख असेल तर विचारून सांगा.