इच्छा मागाहून येते, तरी ती खरीच
"आपणहून शरीरसंबंधाची इच्छाच होत नाही म्हणजे माझ्यातच बिघाड आहे" हे तुझं वाक्य वाचून राहवलं नाही गं. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या लैंगिक आरोग्यतज्ज्ञ डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० सालीच मांडलंय की बरीच वर्षं सोबत असलेल्या कितीतरी बायकांना आधी इच्छा मग जवळीक असं होतच नाही, निवांतपणा मिळाला, स्पर्श आवडायला लागला की मागाहून इच्छा जागी होते आणि हे अगदी नॉर्मल आहे. २०१३ च्या डीएसएम-५ मध्येही, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, इच्छा कमी असण्याचा त्रास बाईला स्वतःला होत असेल तरच विकाराचं निदान करतात, नवरा कुरकुरतो म्हणून नाही. रात्री अकराला ओटा पुसून, उद्याच्या डब्याची भाजी निवडून कोण लगेच मूडमधे येणार? दुखत असेल तर मात्र गायनॅककडे जाच, अंगावर काढू नकोस.