मदत हवी आहे: औसा-लातूर भाजीपाला वाहतुकीसाठी लहान इलेक्ट्रिक मालवाहू गाडी कोणती घ्यावी?

नमस्कार.

आम्ही औसा तालुक्यातील पाच शेतकरी मिळून टोमॅटो, वांगी, मिरची आणि पालेभाज्या लातूरच्या भाजी मार्केटला पाठवतो. आजपर्यंत गावातील भाड्याच्या छोट्या हत्तीवर काम भागत होते. त्या गाडीचे मालक आता व्यवसाय बंद करत असल्यामुळे दसऱ्यापूर्वी स्वतःची गाडी घ्यावी, असे सर्वांनी ठरवले आहे. पैसे पाच घरांचे आहेत, त्यामुळे निर्णय केवळ जाहिरात वाचून घेता येणार नाही. ज्यांनी लहान इलेक्ट्रिक मालवाहू गाडी पूर्ण माल भरून आपल्या भागात चालवली आहे, त्यांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती. गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा एकूण खर्च आठ लाखांच्या आत बसवायचा आहे.

काम असे आहे. पहाटे तीनच्या सुमारास शेताशेतांतून कॅरेट गोळा करायचे, उजाडण्यापूर्वी लिलावाला पोहोचायचे, आणि परत येताना रिकामे कॅरेट व सरकी पेंडीची पोती आणायची. शेतांतील फेरी धरून रोजचे अंतर ७० किलोमीटरच्या आसपास होते. दुपारी अकरानंतर गाडी दारात उभी असते. टोमॅटोचे भरलेले एक कॅरेट २२ ते २५ किलोचे भरते, म्हणजे तीस कॅरेट चढवले की सातशे किलो होतात. तोडणी जोरात असते तेव्हा मात्र भाड्याच्या गाडीवर पन्नास कॅरेटही चढवले जात होते आणि त्याबद्दल कोणी फारसा विचारही करत नसे.

माझ्या मते आमचा खरा प्रश्न इथेच आहे. डिझेल गाडीचे पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून घेतले की ती अकराशे-बाराशे किलो ओढते, ही सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. इलेक्ट्रिक गाडीत जास्तीच्या वजनाबरोबर एका चार्जमधील पल्लाही घटतो, म्हणजे परत घरी पोहोचण्याचाच प्रश्न उभा राहतो. शिवाय २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाल्यापासून जादा भाराचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये लागतात. अपघात झाल्यास विमा कंपनी वजनाची पावती काढून बसते, ती गोष्ट वेगळीच. म्हणून या वेळी कागदावर जेवढी भारक्षमता आहे तेवढाच माल भरायचा, असे मी गटात मांडले आहे आणि ते मान्य झाले आहे. जास्त तोडणीच्या दिवशी दुसरी फेरी करावी लागेल, हे त्याच्याबरोबर ओघाने आले.

आता पर्याय सांगतो.

टाटा एस प्रो ही गाडी जून २०२५ मध्ये बाजारात आली. त्या वेळी पेट्रोलची किंमत ३.९९ लाखांपासून आणि इलेक्ट्रिकची ६.५० लाखांपासून होती. भारक्षमता ७५० किलो, बॅटरी १४.४ किलोवॅट-तासांची आणि कंपनीने सांगितलेला पल्ला १५५ किलोमीटर. हा पल्ला चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला आहे. तीस कॅरेट, औशापासून महामार्गावरचा वेग आणि शेतांतील कच्चा रस्ता हे सगळे धरले तर एका युनिटला (म्हणजे एका किलोवॅट-तासाला) सात किलोमीटर मिळतील, असे मी गृहीत धरतो. म्हणजे पूर्ण चार्जमध्ये १०० किलोमीटर, आणि वीस टक्के राखीव ठेवले तर ८०. आमची एक फेरी यात बसते, दुसरी बसत नाही.

महिंद्रा झिओ ऑक्टोबर २०२४ मध्ये ७.५२ लाखांपासून आली. तिच्यात १८.४ आणि २१.३ किलोवॅट-तास अशा दोन बॅटऱ्या आहेत, भारक्षमता ७६५ किलोपर्यंत आहे, आणि जलद चार्जरवर तासाभरात शंभर किलोमीटरपुरते चार्जिंग होते, असे कंपनी सांगते. मोठ्या बॅटरीत दोन फेऱ्यांची शक्यता दिसते, पण मग आठ लाखांची मर्यादा जवळजवळ संपते. तिसरी युलर टर्बो ईव्ही १०००, सप्टेंबर २०२५ मध्ये ५.९९ लाखांपासून आलेली. भारक्षमता पूर्ण एक टन असल्याने आकड्यांवर पाहिले तर आमच्या कामाला हीच सर्वांत योग्य ठरते. मात्र नवी कंपनी घेताना सर्व्हिस कुठे आणि सुटे भाग किती दिवसांत, हा प्रश्न शहरापेक्षा आमच्याकडे फार मोठा होतो. पहाटे तीनला गाडी चालू झाली नाही तर त्या दिवशीची कोथिंबीर संध्याकाळपर्यंत जनावरांपुढे टाकावी लागते. टाटा एस ईव्हीचा विचार मी सोडून दिला, कारण सहाशे किलोच्या मॉडेलची किंमतच सुरुवातीला ९.९९ लाख होती.

गटातील दोघांचे मत तीनचाकी घ्यावी असे आहे. बजाजच्या तीनचाकी गाड्या आपल्याच वाळूजच्या कारखान्यात तयार होतात आणि तीनचाकी दुरुस्त करणारे मिस्त्री तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी सापडतात, हे मान्यच करायला हवे. पण तुळजापूर-लातूर-नांदेड महामार्गावर अंधारात, मागून ट्रॅव्हल्स आणि ट्रक येत असताना, भरलेली तीनचाकी चालवणे मला सुरक्षित वाटत नाही. पावसाळ्यात शेताच्या वाटेवरील काळ्या मातीतही तिचे पुढचे एकटे चाक रुतते. ज्यांचे काम गावातल्या गावात किंवा दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आहे, त्यांच्यासाठी तीनचाकी उत्तम आहे. आमच्यासाठी नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

खर्चाचा हिशोब मी एस प्रोच्या दोन रूपांत केला आहे, कारण गाडी तीच आणि फरक फक्त इंधनाचा. पेट्रोलवर भरलेल्या गाडीला लिटरमागे १६ किलोमीटर आणि दर १०५ रुपये धरला तर ७० किलोमीटरला ४६० रुपये लागतात. इलेक्ट्रिकला दहा युनिट, चार्जिंगमधील घट धरून साडेअकरा, आणि युनिटला दहा रुपये धरले तर ११५ रुपये. रोजची बचत ३४५ रुपये. वर्षाला तीनशे दिवस धरून कोणी हा हिशोब मांडला तर तो मराठवाड्यात खोटा ठरेल. मार्च संपला की विहिरी-बोअर आटतात, भाजीखालचे क्षेत्र निम्म्यावर येते आणि गाडी दिवसाआड उभी राहते. मी २२० दिवस धरतो, म्हणजे वर्षाला पाऊण लाखाची बचत. दुसऱ्या बाजूला, २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवर तो आधीपासूनच ५ टक्के आहे. त्यामुळे पेट्रोल गाडी हिशोबाने तीस हजारांनी स्वस्त होते आणि दोन्हींमधील फरक अडीच लाखांवरून पावणेतीन-तीन लाखांकडे जातो. म्हणजे जादा गुंतवलेले पैसे निघायला पावणेचार वर्षे लागतील, व्याज सोडून. व्यापाऱ्याला गाडीवरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेता येते, म्हणजे तो कर स्वतःच्या विक्रीवरील जीएसटीतून वजा करता येतो. आम्ही ताजी भाजी विकतो, तिच्यावर जीएसटीच नाही, त्यामुळे तो लाभही आम्हाला नाही.

सवलतींबाबत माझी समजूत अशी आहे: राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणामुळे मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क माफ आहे. समृद्धी महामार्गावरील टोलमाफी मात्र प्रवासी चारचाकी आणि बससाठी आहे, मालवाहू गाड्यांसाठी नाही. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या इलेक्ट्रिक वाहनांच्या अनुदान योजनेत तीनचाकी घेतल्या होत्या आणि साडेतीन टनांवरील ट्रक आहेत. मधल्या आमच्यासारख्या लहान चारचाकी गाड्या त्यात नाहीत, याचे मला वाईट वाटते, कारण शेतमालाची सगळी जवळची वाहतूक याच गाड्या करतात.

आता माझे प्रश्न. सातशे किलो भरून, ताशी ५०-५५ च्या वेगाने, या तीनपैकी कोणत्याही गाडीला प्रत्यक्षात किती पल्ला मिळतो? एप्रिल-मे महिन्यात ४२-४३ अंश तापमानात तो किती घटतो आणि चार्जिंगचा वेळ वाढतो का? घरच्या सिंगल फेज जोडणीवर, गावठाण फिडरच्या (गावातील घरांना वीज देणाऱ्या लाइनच्या) कमी-जास्त दाबावर, चार्जर टिकतो का? शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणे हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो, त्यामुळे तो सल्ला कृपया देऊ नये. आणि शेवटचे: बॅटरीच्या वॉरंटीचा दावा कोणी प्रत्यक्ष केला आहे का, व तो किती दिवसांत निकाली निघाला?

प्रतिसाद (जालना)

आपण वजनापासून सुरुवात केली, हे फार योग्य केले. आम्ही जालना आणि अंबड परिसरात किराणा माल पोहोचवण्यासाठी चारचाकी इलेक्ट्रिक वापरतो. मशिनरीपेक्षा घरच्या विजेकडे आधी लक्ष द्यावे, असे अनुभवावरून सुचवतो. नवी गाडी आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात आमचा चार्जर मध्येच बंद पडू लागला. दोष गाडीचा समजून आम्ही ती सर्व्हिसला नेली, तिथे ती व्यवस्थित चार्ज झाली. नंतर वायरमनने तपासले तेव्हा घराचे अर्थिंग निकामी असल्याचे कळले. खड्ड्यातील मीठ-कोळसा कोरडा पडला होता आणि आजूबाजूच्या काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर सुरक्षेसाठी स्वतःहून बंद होतो. आता नवीन अर्थिंग करून घेतले आहे आणि फेब्रुवारीपासून त्यात नियमित पाणी सोडतो.

दुसरी गोष्ट मंजूर भाराची. गावातील घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटचा असतो, चार्जर एकटाच तीन किलोवॅट ओढतो. तो वाढवून घ्यावा, आणि मीटरपासून चार्जरपर्यंत स्वतंत्र जाड वायर व एमसीबी (जादा भार आला की आपोआप वीज तोडणारा स्विच) टाकावा. पिठाची गिरणी चालू असते त्या वेळी आपल्या घरी व्होल्टेज किती राहते, ते मीटर लावून पाहावे.

पल्ल्याविषयी एवढेच सांगतो की, वजनापेक्षा वेगाने तो जास्त खाल्ला जातो. भरलेली गाडी चाळिशीत ठेवली तर आपण धरलेल्या सात किलोमीटरपेक्षा बरे मिळते, साठला नेली की पटकन खाली येते. हौद्यावर उंच ताडपत्री बांधली असेल तर आणखी. उन्हातून आलेली गाडी आम्ही लगेच चार्जिंगला लावत नाही, सावलीत तासभर उभी करतो. कोणत्याही विक्रेत्याकडून रिकामी गाडी चालवून पाहू नये. तीस कॅरेट घेऊन जावे आणि आपल्याच रस्त्यावर पहाटेच्या वेळी फेरी मारावी. जो विक्रेता याला तयार होणार नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

धागाकर्त्याचे उत्तर

आपले मनापासून आभार. अर्थिंगचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. उद्याच वायरमनला बोलावून अर्थिंग आणि संध्याकाळचे व्होल्टेज दोन्ही तपासून घेतो. वेगाचे म्हणणेही पटले. पहाटे अर्धा तास आधी निघून चाळिशीत जाणे आम्हाला सहज शक्य आहे, आणि तसे केल्यास एस प्रोवर एक फेरी निर्धास्त होईल, असे दिसते. जास्त तोडणीच्या मोजक्या दिवसांसाठी मोठ्या बॅटरीचे लाख-सव्वा लाख गुंतवण्यापेक्षा त्या दिवशी भाड्याची गाडी बोलवावी, असा विचार आता पुढे येत आहे. तरीही एक टनाची गाडी मी यादीतून काढलेली नाही. लातुरात तिची सर्व्हिस आणि सुटे भाग मिळतात, असे कोणी स्वानुभवावरून सांगितले तर पारडे तिकडे झुकेल.

आमची गाडी अकरापासून दारात उभी असते, त्यामुळे पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटचे सौर पॅनल बसवावे, त्याला ७८,००० रुपयांचे अनुदान आहे, आणि दिवसाच चार्जिंग करावे, अशीही कल्पना आहे. इथे एक अडचण समजून घ्यायची आहे. हिरव्या पाटीवर पिवळे अक्षर, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची गाडी, घरगुती मीटरवर चार्ज केलेली चालते, की महावितरणकडे इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगच्या दराची स्वतंत्र जोडणी मागावी लागते? महिन्याला अडीचशे युनिट वाढले की घरगुती बिल वरच्या टप्प्यात जाते, त्यामुळे माझ्या हिशोबातील दहा रुपये टिकतील की नाही, ते यावरच ठरेल. लातूर, धाराशिव किंवा बीड भागात कोणी अशी स्वतंत्र जोडणी घेतली असल्यास अर्जासोबत कोणती कागदपत्रे लागली आणि स्थिर आकार किती येतो, ते कृपया लिहावे.