डॅमेजचे पैसे माझेच का कापले?

नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर १४ वर्षं आहे. वडील चादरीच्या मागावर होते.

गेल्या महिन्यात माझ्या दोन्ही मागांवर नवे भीम, म्हणजे उभ्या सुताचे मोठे रीळ, चढवले. पहिल्या पाळीपासूनच पाईलचं, म्हणजे टॉवेलवर लूप उठवणारं सूत तुटायला लागलं. इकडं गाठ मारून माग चालू करेपर्यंत तिकडचा बंद. जॉबरला, म्हणजे माग बघणाऱ्या मुकादमाला, दोनदा बोलावून दाखवलं, सायझिंग (सुताची खळ) बसलेलं नाही म्हणून. "चालव, भीम संपव" म्हणाला. आठवड्याच्या हिशेबाला माल कमी निघालाच, वर डॅमेजचे ६५० रुपये कापले. शेजारच्या मागावर त्याच लॉटचा भीम, डॅमेज त्याचंही निघालं. त्याचे कापले नाहीत. तो जॉबरच्या गल्लीतला.

विचारायला गेलो तर मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "अजून हात बसला नाही का?" १४ वर्षांनी हे ऐकलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

उत्तर १
दादा, मी शिलाईला आहे. आमच्याकडं पण असंच, कडा वाकडी कटिंगमध्ये होते आणि बोलणी आम्हाला. एकट्यानं जाऊ नका. त्या भीमचं थोडं सूत राहिलं असेल तर जपून ठेवा.

उत्तर २
मी जॉबरकी केलेली आहे. खराब भीम उतरवायचा अधिकार बऱ्याचदा जॉबरला नसतो, हे खरं. पण एकाच लॉटला दोन न्याय लावणं चूकच. डॅमेज टॉवेल बघायला मागा. पाईलचा धागा गेला की उभी रेघ दिसते, तिथं लूप नसतात. माग बंद-चालू झाल्याची पट्टी आडवी येते. टॉवेल समोर असला की आवाज चढवावा लागत नाही.

उत्तर ३
नुकसानीची कपात कामगाराच्या हलगर्जीपणामुळं नुकसान झालं असेल तरच करता येते, तीही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून हे आहे. तुम्हाला आधी कुणी विचारलं का? नसेल तर कपातीचं कारण लेखी मागा. तरी ऐकलं नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या.

मूळ प्रश्नकर्ता
विचारलं नव्हतं. हिशेबाच्या वहीतच आकडा दिसला. आज सुताची एक कांडी भरून घेतली. टॉवेल गोडाऊनमध्ये आहेत, उद्या पाळी सुटल्यावर दाखवा म्हणून सांगणार आहे. शेजारचा पण येतो म्हणाला, त्यानं स्वतःहून विचारलं. त्याचे पैसे कापा असं मी बोलणार नाही. त्याच्या मागावर पण तेच सूत होतं.