नकाशात माझी गाडी वेस्टर्नच्या रुळांवर, अँटेना असते तरी कुठे?

दादरचा_बाळ्या: मंडळी मदत करा. सेकंडहँड गाडी, नेव्हिगेशन कंपनीचंच. गेल्या महिन्यात एसीच्या कामाला डॅशबोर्ड उघडला तेव्हापासून नकाशाचं डोकं फिरलंय, काल प्रभादेवीहून माहीमला येताना गाडी सरळ रुळांवरून चाललेली आणि सॅटेलाइट किती तर शून्य. छपरावरचा शार्क फिन (ती माशाच्या पंखासारखी अँटेना) शाबूत आहे, मोबाइल डॅशबोर्डवर ठेवला की तो बरोबर दाखवतो. मग बिघडलंय काय?

वायरमन_काका: फिन आहे म्हणजे जीपीएस त्यातच असेल असं नाही रे, बऱ्याच गाड्यांत तिथे नुसता रेडिओ असतो. जीपीएसच्या अँटेनाची डबी डॅशबोर्डच्या आत काचेखाली असू शकते. आत सिरॅमिकची चौकोनी वडी, साधारण अडीच सेंटिमीटरची, आणि तिला चिकटून छोटा अँप्लिफायर. ती फक्त ऐकते, पाठवत काहीच नाही. सॅटेलाइट २०,२०० किमी वर, सिग्नल खाली येईस्तोवर इतका बारीक होतो की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीतच बुडालेला असतो, म्हणून तिथल्या तिथे वाढवावा लागतो नाहीतर वायरीतच संपला. त्या अँप्लिफायरला ३ ते ५ व्होल्ट स्टिरिओकडून त्याच वायरीतून जातात, तेव्हा आधी मागचा निळा कनेक्टर हलवून बघ.

लोअर_परळ_लोकल: काचेला मेटलवाली फिल्म लावलीय का? तीपण सिग्नल अडवते. पण काका, शून्य सॅटेलाइटवर गाडी चालत कशी होती?

वायरमन_काका: अंदाजाने! चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली यावरून सिस्टिम जागा ठरवते, कोस्टल रोडच्या बोगद्यात बाण सरकत राहतो तो असाच. पण बोगदा दोनेक किलोमीटरचा, ह्याचं आख्ख्या रस्त्यावर तेच चाललंय, मग चूक साचत जाणारच. फिल्म असती तर मोबाइलपण गंडला असता. माझा संशय डबीवरच, वडीला आभाळ दिसायला हवं. प्लास्टिक चालतं, पत्रा नाही.

दादरचा_बाळ्या: काका, पाया पडतो! कनेक्टर घट्ट होता, डबी मात्र एसीच्या डक्टमागे लोखंडी दांड्याखाली उपडी, वर काळी टेप गुंडाळलेली. सुलटी करून काचेखाली बसवली, पाच मिनिटांत नऊ सॅटेलाइट. गॅरेजवाल्याला फोटो पाठवलाय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.